स्थलशोधक साधनाचे वर्णन : सातारा-सांगलीच्या स्थलनामांवरून काही विचार

कवठे या नावाचे गाव सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून निदान चार ठिकाणी आहे. वाई तालुक्यातील कवठे हे किसन वीर यांचे गाव. तासगाव तालुक्यातील कवठे एकंद दसऱ्याच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध. मिरज तालुक्यातील कवठे पिरान हिंदकेसरी मारुती माने यांच्यामुळे कुस्तीशौकिनांना ठाऊक. आणि कवठे महांकाळ हे तर तालुक्याचेच ठाणे. तासगावच्या बाजारात एखादा गृहस्थ 'कवठ्याला निघालो आहे' असे म्हणतो, तेव्हा ऐकणारास क्षणभरही संदेह पडत नाही. बोलणारा कोण, तो कोणत्या गाडीची वाट पाहत उभा आहे, त्याच्या हातात काय आहे, यांवरून चारांपैकी एक कवठे आपोआप निश्चित होते. तेच वाक्य कागदावर उतरवून एखाद्या यंत्राच्या स्वाधीन केले की बाजार, गाडी आणि माणूस ही तिन्ही नाहीशी होतात व उरते केवळ नाव. नावावरून जागा शोधून देणारे साधन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटाच्या हाती द्यावयाचे झाल्यास त्या साधनाचे वर्णन कसे लिहावे, हा प्रश्न येथून सुरू होतो.

एजंट हा शब्द अलीकडे फार सैलपणे वापरला जातो. येथे त्याचा अर्थ मर्यादित आहे. भाषिक प्रतिमानाला एखादे काम सोपवून, ते पार पाडण्यासाठी बाहेरची साधने स्वतःच्या निर्णयाने वापरण्याची मुभा दिली, म्हणजे जी व्यवस्था तयार होते ती एजंट. 2023 च्या जूनमध्ये ओपनएआय या संस्थेने आपल्या प्रतिमानांना अशा रीतीने साधने जोडण्याची सोय उपलब्ध केली. 2024 च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' हा खुला संकेत प्रसिद्ध केला, व साधने आणि एजंट यांच्यामधील व्यवहाराला एक सामान्य रूप मिळाले. या व्यवहाराचे मर्म समजण्यास सोपे आहे. एजंटापुढे प्रत्येक साधनाच्या तीनच गोष्टी ठेवल्या जातात : साधनाचे नाव, त्याचे शब्दांत केलेले वर्णन, आणि त्याला कोणती माहिती कोणत्या आकारात पुरवावी याचा आराखडा. साधनाच्या आतील प्रोग्रॅम त्याला दिसत नाही. त्यामागील ग्रामसूची केव्हाची आहे, तीत काय आहे आणि काय नाही, हेही दिसत नाही. म्हणून वर्णन हेच एजंटाच्या दृष्टीने साधन होय. मानवी वाचकासाठी लिहिलेले माहितीपत्रक अपुरे असले तरी वाचक कोणाला तरी विचारतो, चुकून पाहतो, शिकतो. एजंट अपुऱ्या जागा स्वतःच्या अनुमानाने भरून काढतो, आणि त्या भरल्या आहेत हे बहुधा सांगत नाही.

स्थलनामांचा शोध हे काम काही नवे नव्हे. 1885 साली प्रसिद्ध झालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा एकोणिसावा, साताऱ्याचा, खंड हे आपल्या परीने एक स्थलशोधक साधनच होते. परंतु त्याच्या वाचकाला एक फायदा असे. खंडाच्या शेवटी गावांची वर्णने वर्णानुक्रमाने येतात. त्यामुळे एका नावाशेजारी दुसरे तत्सम नाव नजरेस पडते, ग्रंथ कोणत्या जिल्ह्याचा हे मुखपृष्ठावरूनच कळते आणि ग्रंथाचे साल हातात असते. जे पाहावयास गेलो नव्हतो तेही दिसणे, हा छापील सूचीचा गुण होता. एजंटाला मात्र विचारलेल्याचेच उत्तर मिळते. त्याच्या उत्तराला शेजार नसतो. वर्णनलेखकाने हा शेजार शब्दांनी उभा करावयाचा असतो.

या साधनांची वर्णने पुष्कळदा अशा धर्तीची आढळतात : 'ठिकाणाचे नाव द्या, अक्षांश व रेखांश मिळतील.' वाक्य खोटे नाही, पण घातक आहे. 'खंडाळा' हे नाव घेऊन पाहू. पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, खंडाळा हे सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याचे ठाणे आहे. पण खंडाळा म्हटल्यावर बहुतेक लिखित साहित्यात बोरघाटाच्या माथ्यावरचे, लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण अभिप्रेत असते. ज्या प्रतिमानाचे शिक्षण त्या साहित्यावर झाले, त्याचा कल त्याच ठिकाणाकडे असणार. आणि ज्या शोधसेवा आपली उत्तरे ठिकाणाच्या महत्त्वानुसार क्रमाने लावतात, त्यांचाही कल तिकडेच. अशा रीतीने एजंट व साधन हे दोघे एकाच दिशेने चुकतात, व एकाची चूक दुसऱ्याने पारखली जाईल ही आशा फोल ठरते. 'औंध' या नावाचे तेच. खटाव तालुक्यातील औंध ही एका संस्थानाची राजधानी. पण आज नुसत्या औंध या शब्दाने पुण्याचे उपनगर पुढे येते. 'कोरेगाव' म्हणावे तर सातारा जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे, वाळवे तालुक्यातील गाव, भीमेच्या काठचे कोरेगाव आणि पुण्यातील कोरेगाव पार्क असे अनेक वाटेकरी. क्रमवारी कीर्तीवर ठरते. विचारणाऱ्याचा संबंध तिला ठाऊक नसतो. वर्णनात ही गोष्ट उघडपणे लिहिली पाहिजे : पहिले उत्तर हे सर्वांत प्रसिद्ध उत्तर आहे, सर्वांत बरोबर नव्हे.

एकाच नावाची अनेक गावे असणे ही अडचण सर्वपरिचित आहे, आणि ग्रामव्यवस्थेने तिच्यावर आपले उपायही शोधलेले आहेत. बुद्रुक व खुर्द, तर्फ अमुक, हवेली, किंवा देवाचे अथवा साधूचे नाव जोडून केलेली नामे हे सर्व भेद दाखविण्याचेच मार्ग होत. बोलताना ही शेपटे गळून पडतात, आणि कागदोपत्री ती कधी कंसात, कधी संक्षेपाने, कधी मुळीच येत नाहीत. तथापि त्याहून सूक्ष्म अडचण वेगळी आहे. एकच नाव एकाच परिसरात दोन निरनिराळ्या प्रकारच्या वस्तूंना लागते. माण तालुक्याचे ठाणे दहिवडी, खटावचे वडूज, जावळीचे मेढा, खानापूरचे विटा, आणि वाळव्याचे इस्लामपूर. या पाचही ठिकाणी तालुक्याचे नाव एक व ठाण्याचे दुसरे आहे. त्यांतील खटाव, खानापूर व वाळवा या नावांची स्वतंत्र गावेही त्या त्या तालुक्यात आहेत. 'वाळव्याच्या तहसीलदारांकडे अर्ज नेऊन द्यावा' या सूचनेवरून एजंटाने वाळवा या गावाचा मार्ग आखून दिला, तर नावाच्या दृष्टीने त्याचे काहीच चुकलेले नाही, आणि अर्जदार मात्र कचेरी नसलेल्या गावी जाऊन पोहोचतो. रेल्वेची स्थानके हा या प्रकाराचाच आणखी एक पोटभेद. साताऱ्याचे स्थानक शहरापासून काही किलोमीटर दूर माहुलीस आहे, कराडचे ओगलेवाडीस. तेव्हा साधनाला गाव, तालुका, जिल्हा, स्थानक असा प्रकार सांगता येत असेल, तर तो कसा सांगावा आणि न सांगितल्यास साधन काय गृहीत धरते, हे वर्णनात आलेच पाहिजे. तालुक्याच्या नावाने मिळालेला बिंदू हा क्षेत्राचा मध्यबिंदू आहे की ठाण्याचा, हेही त्याच ओळीत लिहावे. माणसारख्या विस्तीर्ण तालुक्याचा मध्यबिंदू एखाद्या माळरानावर पडण्याचा संभव अधिक.

मराठी भाषेपुरता एक प्रश्न असा आहे की ज्याची दखल इंग्रजीत लिहिलेली वर्णने सहसा घेत नाहीत. मराठीत गावाचे नाव वाक्यात क्वचितच मूळ रूपात येते. सातारा हे साताऱ्यात, साताऱ्याहून, साताऱ्याचा असे येते, मेढा मेढ्यास, शिराळा शिराळ्याला, मिरज मिरजेत. 'विट्याहून विटा आणल्या' या वाक्यात पहिला शब्द गावाचा आहे व दुसरा भाजलेल्या मातीचा, आणि गंमत अशी की गावाच्या मूळ नावाशी अक्षरशः जुळणारा शब्द दुसरा आहे. विभक्तीचे प्रत्यय कापून टाकण्याचा सरसकट नियम लावावा, असे कोणी सुचवील. पण 'त' हा सप्तमीचा प्रत्यय म्हणून कापावयास निघालो तर सांगली जिल्ह्यातीलच 'जत' या तालुक्याचा 'ज' होतो, आणि 'स' हा चतुर्थीचा म्हणून कापला तर 'पलूस'चे 'पलू' उरते. सांगलीस आणि पलूस या दोन शब्दांतील अंत्य 'स'चा भेद व्याकरण जाणणाऱ्यालाच कळतो. येथे कामाची वाटणी विचारपूर्वक केली पाहिजे. भाषिक प्रतिमानाला वाक्याचा अर्थ कळतो, म्हणून मूळ रूप ओळखणे हे त्याचे काम. साधनाकडे नावांची पक्की सूची असते, म्हणून दिलेले रूप सूचीत आहे की नाही हे सांगणे त्याचे काम. ही वाटणी वर्णनात एका वाक्याने होते : 'नाव प्रत्ययरहित, प्रथमेच्या एकवचनी रूपात द्यावे, उदाहरणार्थ साताऱ्यात असे असल्यास सातारा, जतला असे असल्यास जत.' हे एक वाक्य नसेल तर कधी एजंट 'साताऱ्यात' हेच रूप पाठवील, कधी 'साताऱ्या' असे अर्धवट कापलेले. आणि 'आढळले नाही' असे उत्तर आल्यावर सातारा नावाचे ठिकाणच सूचीत नाही असा निष्कर्ष काढून मोकळा होईल.

त्यातच अक्षरांच्या सांकेतिक लेखनाची भर पडते. कऱ्हाड, साताऱ्यात या शब्दांतील अर्धा र, जो छापखान्यात डोळ्याच्या पापणीसारखा दिसतो, तो यूनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक, त्यासाठी असलेल्या स्वतंत्र ऱ या अक्षराने, आणि दुसरा, साध्या र ला हलन्त व अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. यंत्राला ती भिन्न आहेत, आणि यूनिकोडच्या सर्वसाधारण प्रमाणीकरणानेही ती एक होत नाहीत. शिवाय कराड की कऱ्हाड, जत की जथ, शिराळा की बत्तीस शिराळा हे लेखनभेद आहेतच. यांपैकी सांकेतिक लेखनाचा भेद साधनानेच आतल्या आत मिटवावा. तो वर्णनात लिहून एजंटावर सोपविणे म्हणजे आपले घरकाम पाहुण्यास सांगणे होय. नावांचे पर्याय मात्र कळविलेले बरे.

कालाचा प्रश्न संशोधकांना विशेष जवळचा आहे. यशवंतराव चव्हाण यांचा जन्म 1913 साली देवराष्ट्रे येथे झाला. त्या काळी हे गाव सातारा जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात होते, व जुन्या चरित्रग्रंथांत तसाच उल्लेख येतो. संस्थाने विलीन झाल्यावर 1 ऑगस्ट 1949 रोजी साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन जिल्हे झाले. 1960 साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. पुढे कडेगाव हा स्वतंत्र तालुका झाला. आज देवराष्ट्रे सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात आहे. गाव तसूभरही हललेले नाही. त्याच्यावरचा जिल्हा आणि तालुका दोन्ही बदलले. आता एखादा विद्यार्थी जुन्या ग्रंथातील गावांचा नकाशा करण्याचे काम एजंटावर सोपवितो असे समजा. एजंट ग्रंथात वाचतो, 'सातारा जिल्हा', आणि दक्षता म्हणून साधनाला जिल्ह्याची अट घालतो. उत्तर येते : आढळले नाही. दक्षतेनेच येथे घात केला. याच कारणाने 'साताऱ्याचे प्रतिसरकार' या सुप्रतिष्ठित नावाखाली येणाऱ्या कित्येक गावांची आजच्या सूचीत साताऱ्याखाली नोंद नाही. कुंडल तर त्या वेळी सातारा जिल्ह्यातही नव्हते, औंध संस्थानात होते, आणि आज ते सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात आहे. साधन इतिहास जाणत नसेल तर तसे स्पष्ट लिहिणे हाच उपाय : 'जिल्हा व तालुका ही आजची द्यावीत, 1949 पूर्वीच्या लेखनातील सातारा जिल्ह्यासाठी सातारा व सांगली दोन्ही पाहावे, संस्थानी गावांना जिल्ह्याची अट घालू नये.' एवढ्या तीन उपवाक्यांनी नकाशावरची कितीतरी रिकामी जागा भरून निघेल.

जिल्हा ओळखण्यासाठी पिन कोडचा आधार घेण्याची सवय एजंटांप्रमाणे माणसांतही आहे, म्हणून तिचा थोडा विचार आवश्यक आहे. 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झालेली ही व्यवस्था टपालाच्या वर्गीकरणासाठी आहे. महसुली सीमांशी तिचा मेळ असावा असा तिचा दावाच नाही. सातारा शहराचा क्रमांक 415001. यावरून 415 म्हणजे सातारा असे समजावे, तर सांगली जिल्ह्यातील इस्लामपूरचा 415409, विट्याचा 415311, आणि सह्याद्रीपलीकडच्या रत्नागिरीचा 415612. उलट खुद्द सातारा जिल्ह्यातील वाई 412803 आणि महाबळेश्वर 412806, म्हणजे पुण्याकडच्या गटात. सांगली शहर 416416 असून तो 416 हा आरंभ कोल्हापूरशी सामाईक आहे. पिन कोडावरून टपाल कार्यालय मिळते. जिल्हा मिळतोच असे नाही. जनगणना 2011 चे जिल्हाक्रमांक, साताऱ्याचा 527 व सांगलीचा 531, किंवा पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील संकेतांक हे या कामी खरे आधार होत. 2011 च्या गणनेत प्रत्येक महसुली गावाला सहा अंकी स्वतंत्र क्रमांक आहे. साधनाने नावाबरोबर हा क्रमांक परत करावा, आणि एजंटाने पुढील प्रत्येक पायरीवर नावाऐवजी क्रमांकच बरोबर न्यावा, अशी सूचना वर्णनात असेल तर एकदा सोडविलेला संदेह पुन्हा उद्भवत नाही.

मात्र हे क्रमांक महसुली गावांचे आहेत. वाड्या व वस्त्या त्यांत स्वतंत्रपणे येत नाहीत. माण, आटपाडी, जत यांसारख्या विरळ वस्तीच्या तालुक्यांत लोक पत्ता सांगतात तो वस्तीचा. कोयनेच्या आणि चांदोलीच्या जलाशयांमुळे उठलेल्या गावांची स्थिती आणखी निराळी. त्यांची जुनी नावे नव्या जागी, कित्येकदा दुसऱ्याच तालुक्यात, गेली आहेत. 'या सूचीत वाड्या नाहीत' हे एक नकारार्थी वाक्य पानभर गुणवर्णनापेक्षा उपयोगाचे आहे.

अक्षांश-रेखांशांबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही, पण क्रमाची एक चूक इतकी वारंवार घडते की ती टाळता येत नाही. भूगोलाच्या पुस्तकात अक्षांश आधी लिहितात. नकाशाच्या माहितीसाठी रूढ असलेल्या जिओजेसन या संकेतात रेखांश आधी येतो. सातारा सुमारे 17.7 उत्तर अक्षांश व 74.0 पूर्व रेखांश येथे आहे. हे आकडे उलटे झाले तर सातारा नॉर्वेच्या उत्तरेस, बॅरेंट्स समुद्राच्या कडेला, बेअर बेटाजवळच्या थंड पाण्यात जाऊन पडते. भारतापुरती एक सोपी कसोटी उपलब्ध आहे. आपले अक्षांश साधारण 8 ते 37 आणि रेखांश 68 ते 97 या मर्यादेत असतात, त्यामुळे दोहोंतील मोठा आकडा नेहमी रेखांशाचाच. वर्णनात ही मर्यादा दिली म्हणजे एजंट स्वतःच तपासून घेऊ शकतो.

हा सर्व खटाटोप कशासाठी, असे विचारले जाईल. पर्यटकाला चुकीचे खंडाळे दाखविले गेले तर पेट्रोल वाया जाईल, इतकेच. पण 2021 च्या जुलैमध्ये अतिवृष्टीत पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. त्यांतील आंबेघर हे आंबेघर तर्फ मरळी. जावळी तालुक्यातही आंबेघर आहे, तर्फ मेढा. दोन्ही डोंगराळ, दोन्ही अतिवृष्टीच्या पट्ट्यात. तेव्हा 'डोंगराळ भाग, मुसळधार पाऊस' या संदर्भानेही त्यांच्यात निवड होत नाही. मदतीचे संदेश वाचून त्यांतील ठिकाणे नकाशावर मांडण्याचे काम एजंटावर सोपविण्याचे विचार आज ठिकठिकाणी चालू आहेत, आणि अशा संदेशात 'तर्फ मरळी' लिहिण्याइतकी उसंत कोणाला असते? 2019 च्या ऑगस्टात कृष्णेच्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे नाव उलटून कित्येकांचे प्राण गेले. अशा वेळी घटका-दोन घटकांचे अंतर काय असते हे सांगली जिल्ह्याला सांगावयास नको. येथे साधनाने एकच उत्तर देणे हा दोष ठरतो. त्याने दोन्ही आंबेघरे तालुक्यासह परत करावीत, आणि वर्णनाने एजंटास बजावावे की एकाहून अधिक उत्तरे आल्यास आपण निवड करू नये. संदर्भाने निर्णय होत असल्यास तो संदर्भ नमूद करावा, होत नसल्यास विचारणा करावी, आणि विचारण्यास कोणी नसल्यास दोन्ही ठिकाणे संशयितासह पुढे पाठवावीत.

या विवेचनास अनुसरून एक वर्णन लिहिल्यास ते पुढीलप्रमाणे होईल.

'स्थलशोध. हे साधन महाराष्ट्रातील महसुली गाव, शहर, तालुका किंवा जिल्हा यांच्या नावावरून संभाव्य ठिकाणांची यादी देते. वापरकर्त्याने ठिकाणाचे नाव घेतले असून त्याचे स्थान, तालुका अथवा जिल्हा आवश्यक असेल तेव्हा वापरावे; स्वतःच्या स्मरणावरून अक्षांश-रेखांश देऊ नयेत. आधार : जनगणना 2011 ची ग्रामसूची. वाड्या, वस्त्या, रेल्वे स्थानके व पूर्वीच्या जिल्ह्यांच्या सीमा यांत नाहीत. नाव : प्रत्ययरहित रूपात द्यावे, बुद्रुक, खुर्द, तर्फ इत्यादी माहीत असल्यास वगळू नयेत. प्रकार : गाव, शहर, तालुका, जिल्हा, न दिल्यास सर्व प्रकार शोधले जातात. जिल्हा व तालुका : आजचे, खात्री नसल्यास रिकामे ठेवावे, अनुमानाने भरू नये, पिन कोडावरून ठरवू नये. उत्तरात प्रत्येक ठिकाणाचा सहा अंकी क्रमांक, तालुका, जिल्हा, अक्षांश व रेखांश या क्रमाने येतात. उत्तरांचा क्रम लोकसंख्येचा आहे, योग्यतेचा नाही. अनेक उत्तरे आल्यास निवड न करता तालुका विचारावा. एकही उत्तर न आल्यास ते ठिकाण अस्तित्वात नाही असे समजू नये. अटी काढून पुन्हा शोधावे, व तरीही न मिळाल्यास तसे कळवावे.'

हे वर्णन लांबट आहे, आणि लांबीला किंमत पडते. एजंटापुढे ते प्रत्येक वेळी समग्र ठेवले जाते. त्यातून देवनागरी मजकुराचे प्रतिमानाच्या हिशेबी पडणारे तुकडे बहुतेक प्रतिमानांत रोमन मजकुरापेक्षा अधिक. म्हणून वर्णन इंग्रजीत लिहून उदाहरणे तेवढी मराठीत ठेवावीत, असा एक व्यवहार्य मार्ग काहींस पसंत पडेल. तो वाईट नाही. मात्र काटछाट करावयाची झाल्यास गुणवर्णनाची करावी. 'नाहीत', 'समजू नये', 'भरू नये' या क्रियापदांना हात लावू नये. वर्णनातील होकारार्थी भाग एजंटाला बहुधा स्वतःच्या सामान्यज्ञानाने कळतो, नकारार्थी भाग त्याला दुसरीकडून कोठूनही कळण्याजोगा नसतो.

चुकीच्या वेळी साधनाने दिलेले संदेश हेही वर्णनाचाच उत्तरार्ध मानले पाहिजेत. 'आढळले नाही' आणि 'सेवा बंद आहे' या दोन अगदी भिन्न गोष्टी असून पुष्कळ साधने दोहोंसाठी रिकामे उत्तर पाठवितात. ओपनस्ट्रीटमॅपची नॉमिनॅटिम ही सार्वजनिक शोधसेवा (हा लॅटिन शब्द 'नावाने' अशा अर्थाचा आहे) सेकंदाला अधिकांत अधिक एकच विचारणा मान्य करते. तीनशे गावांची यादी हाती असलेला एजंट ही मर्यादा क्षणात ओलांडतो, आणि नाकारलेल्या विचारणांची गावे 'अस्तित्वात नाहीत' म्हणून नोंदवून बसतो. मर्यादा वर्णनात असावी, आणि ती ओलांडल्यावरचा संदेश काय करावे ते सांगणारा असावा : थांबावे, आणि तेच नाव पुन्हा विचारावे.

वर्णन चांगले झाले की नाही, हे लेखकाने वाचून ठरवू नये. त्याला सर्वच स्पष्ट वाटते, कारण त्याला साधनाचे अंतरंग ठाऊक असते. परीक्षेचा मार्ग सरळ आहे. या दोन जिल्ह्यांतीलच पन्नास-साठ वाक्ये निवडावीत : विट्याहून विटा आणल्याचे, पलूसला पाऊस पडल्याचे, जतच्या बाजाराचे, वाळव्याच्या तहसीलदारांचे, नुसत्या कवठ्याचे, जुन्या चरित्रातील देवराष्ट्र्याचे. ती एजंटास एकदा त्रोटक वर्णनासह व एकदा पूर्ण वर्णनासह द्यावीत. उत्तर बरोबर आले का, एवढेच मोजून भागत नाही. जेथे विचारावयास हवे होते तेथे एजंटाने विचारले का, आणि जेथे विचारण्याची गरज नव्हती तेथे उगाच विचारले का, हीही स्वतंत्र मोजमापे होत. अति विचारणारा एजंट कोणी वापरत नाही. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना हे काम एका सत्रात सहज करता येईल, आणि आपापल्या गावाच्या नावाने परीक्षा घेण्यात त्यांना रसही वाटेल.

वर्णन एकदा लिहून संपत नाही. 2025 च्या जुलैत राज्य शासनाने इस्लामपूरचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय विधानसभेत जाहीर केला. 2011 च्या सूचीत अर्थातच जुने नाव आहे, आणि नवी जनगणना 2027 सालासाठी घोषित झालेली असल्याने तिची सूची येईपर्यंत ते तसेच राहील. या अवधीत एजंटाकडे दोन्ही नावे येतील. सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांतून, पदवी-प्रमाणपत्रांतून आणि लोकांच्या बोलण्यातून तर पुढेही अनेक वर्षे जुने नावच येत राहील. साधनात नवे नाव पर्याय म्हणून ज्या दिवशी घातले जाईल, त्या दिवशी वर्णनातही एक ओळ वाढली पाहिजे, तीत तारीख असली पाहिजे, आणि जुने नाव वगळता कामा नये.